वाइड झूमचे कोपरे: स्वभाव कुठला, बिघाड कुठला, हे घरच्या घरी कसं ओळखायचं

वापरलेली १६-३५ एफ/२.८ वाइड झूम लेन्स (फोकल लेंग्थ १६ ते ३५ मिमी; आकडा लहान तेवढं दृश्य रुंद) घेताना मी दुकानात जे केलं, तेच बहुतेक जण करतात. काउंटरमागच्या कॅलेंडरवर फोकस केला, एक फोटो काढला, स्क्रीनवर मधला भाग मोठा करून पाहिला. तारखांखालच्या तिथीसुद्धा वाचता येत होत्या. पैसे मोजले. पुढच्या रविवारी एका जुन्या वाड्याचा चौक काढला, तर उजवीकडच्या खांबांची नक्षी मोजून घ्यावी इतकी स्पष्ट आणि डावीकडचे खांब ओल्या फडक्याने पुसल्यासारखे. लेन्स घेऊन परत गेलो. विक्रेता शांतपणे म्हणाला, "साहेब, वाइडला कोपरे असेच असतात."

हे वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच माणूस त्याला फसतो. वाइड झूमचे कोपरे मध्यापेक्षा कच्चे असतातच. पण चारही कोपरे सारखेच कच्चे असतील तर तो त्या लेन्सचा स्वभाव, आणि एकच बाजू कच्ची असेल तर तो बिघाड. स्वभाव सांभाळून घेता येतो, बिघाडासाठी लेन्स उघडावी लागते. पुढच्या चाचण्यांना एक सकाळ आणि एक रात्र पुरते. सामान म्हणाल तर ट्रायपॉड, हातात मावेल एवढा आरसा, टॉर्च, ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा आणि सुई.

वाइड झूमच्याच वाट्याला हे का येतं

पुस्तकी मराठीत या दोषांना विपथन म्हणतात, म्हणजे किरणाने ठरलेली वाट सोडणं. एका बिंदूतून निघालेले सगळे किरण सेन्सरवर एकाच बिंदूत यायला हवेत. ते येत नाहीत, किंवा येतात पण भलत्याच जागी येतात. १८५७ मध्ये लुडविग झायडेल या जर्मन गणितज्ञाने एकरंगी प्रकाशातल्या अशा दोषांचे पाच प्रकार मांडले: स्फेरिकल ॲबरेशन (मध्यासकट सगळीकडे धूसरपणा), कोमा (कोपऱ्यातल्या बिंदूला शेपटी), ॲस्टिग्मॅटिझम (बिंदूची रेघ होणं), फील्ड कर्व्हेचर (फोकसचा पडदा वाकणं) आणि डिस्टॉर्शन (सरळ रेषा वाकणं). रंगांचे दोन दोष त्यात वेगळे मिळवायचे.

लेन्सची रचना ॲपर्चरच्या, म्हणजे प्रकाश आत घेणाऱ्या भोकाच्या, दोन्ही बाजूंना सारखी असेल तर कोमा, डिस्टॉर्शन आणि कडेचे रंग हे तीन दोष बरेचसे आपसातच मिटतात. पुढच्या अर्ध्याने केलेली चूक मागचं अर्धं उलट करून टाकतं. वाइड लेन्सला ही सोय परवडत नाही. डीएसएलआरमध्ये लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये हलणारा आरसा असतो. कॅननच्या ईएफ माउंटपासून (माउंट म्हणजे लेन्स बसते ती कडी) सेन्सर ४४ मिमी दूर, निकॉनच्या एफ माउंटपासून ४६.५ मिमी. १६ मिमीची लेन्स एवढ्या मागून प्रतिमा टाकणार कशी? त्यासाठी पुढे किरण पसरवणारा मोठा गट आणि मागे ते गोळा करणारा गट अशी उलट्या दुर्बिणीसारखी रचना करावी लागते. अशी ३५ मिमीची लेन्स फ्रान्सच्या आंजेन्यू कंपनीने १९५० मध्ये 'रेट्रोफोकस' नावाने आणली आणि ते नाव सगळ्या जातीलाच चिकटलं. ही रचना मुळातच एकांगी, त्यामुळे आपसात मिटणारे दोष आता एकेक करून, जादा काचा घालून मिटवावे लागतात. त्यात झूम म्हटलं की काचांचे गट पुढेमागे सरकतात. १६ मिमीला जुळवलेला हिशेब ३५ मिमीला चुकतो, आणि मधे कुठेतरी तडजोड होते.

हा आरसाच नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांत हे अंतर १६ ते २० मिमीवर आलं, त्यामुळे डिझायनरचा श्वास मोकळा झाला. मात्र त्याच वेळी डिस्टॉर्शनचं काम काचेकडून काढून सॉफ्टवेअरवर टाकायची चाल पडली. कॅननच्या आरएफ १४-३५ एफ/४ची १४ मिमीची रॉ फाइल (सेन्सरची कच्ची नोंद) कुठलीही सुधारणा न करता उघडली तर कोपरे चक्क काळे दिसतात. ती लेन्स वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण 'लेन्स कशी आहे' या प्रश्नाचं उत्तर आता काच आणि फाइल असं दोन ठिकाणी शोधावं लागतं.

आधी ॲपर्चरची रिंग

प्रत्येक दोष ॲपर्चरला वेगळा प्रतिसाद देतो, आणि अर्धं निदान तिथेच होतं. एफ/२.८ वरून एफ/५.६ वर गेलात की भोकाचा व्यास निम्मा होतो. झायडेलच्या हिशेबाने स्फेरिकल ॲबरेशनचा धूसरपणा तेव्हा आठव्या भागावर येतो, कोमा पाव होतो, ॲस्टिग्मॅटिझम आणि फील्ड कर्व्हेचर निम्मे होतात. डिस्टॉर्शन आणि कडेला दिसणारी रंगीत किनार जशीच्या तशी राहते. ॲपर्चर २२ पर्यंत नेलं तरी ती हलणार नाही. प्रत्यक्ष लेन्समध्ये हे आकडे तंतोतंत उतरत नाहीत, पण क्रम असाच राहतो.

म्हणून प्रत्येक चाचणी एफ/२.८, ४, ५.६, ८ आणि ११ अशी करा (एफ/४ची लेन्स असेल तर ४ पासून), आणि झूमच्या तीन जागी: सगळ्यात वाइड, मध्य, सगळ्यात टेली. वैताग येतो, पण झूम म्हणजे एका नळीत कोंबलेल्या अनेक लेन्सा आहेत. १६ ला झालेली परीक्षा २४ ला लागू होत नाही.

तयारीत लोक हमखास चुकतात त्या गोष्टी अशा. फिल्टर काढा, स्वस्तातला यूव्ही फिल्टर लेन्सच्या आधी स्वतःचेच दोष घालतो. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद करा, दोन सेकंदांचा टायमर लावा, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ठेवा. फोटो रॉमध्ये काढा. मेनूतली लेन्स करेक्शन बंद करा, पण तेवढ्यावर विसंबू नका. बऱ्याच मिररलेस कॅमेऱ्यांत सुधारणेची माहिती रॉ फाइलमध्येच भरलेली असते आणि लाइटरूम ती न विचारता लावून मोकळं होतं. उघडी फाइल पाहायची तर रॉथेरपी किंवा डार्कटेबल वापरा, दोन्ही फुकट आहेत. आणि दूरचं काही टिपायचं असेल तर सकाळी सातच्या आत टिपा. मार्च-एप्रिलच्या दुपारी तापलेल्या पत्र्यांवरून उठणारी हवा कुठल्याही लेन्सचे कोपरे बिघडवून दाखवते.

पहिली चाचणी: चार कोपरे

ही आधी करायची, कारण लेन्स वाकडी असेल तर बाकीच्या चाचण्यांना अर्थ उरत नाही. गच्चीवर जा. दोनशे मीटरच्या पलीकडे बारीक तपशील असलेली एक वस्तू शोधा. मोबाइलचा टॉवर उत्तम, पाण्याच्या टाकीची लोखंडी शिडीही चालेल. ॲपर्चर पूर्ण उघडं, झूम पूर्ण वाइड. वस्तू मध्यावर घेऊन लाइव्ह व्ह्यूमध्ये दहापट मोठं करून फोकस करा आणि लगेच फोकस मॅन्युअलवर टाका. आता रिंगला हात न लावता कॅमेरा वळवत तीच वस्तू एकेका कोपऱ्यात आणा: वर डावीकडे, वर उजवीकडे, खाली दोन्हीकडे. मध्याचा धरून पाच फोटो.

संगणकावर चारही कोपऱ्यांचे तुकडे शंभर टक्क्यांवर शेजारी शेजारी ठेवा. एकच वस्तू, एकच अंतर, एकच फोकस, त्यामुळे 'तिकडे झाड जवळ होतं' अशी पळवाट राहत नाही. चारही तुकडे सारखे मऊ दिसले तर निर्धास्त राहा. एक किंवा एका बाजूचे दोन कोपरे बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे खराब असतील तर काचांचा एखादा गट मध्यापासून सरकलाय किंवा कललाय. एकेक पिक्सेल मोजत बसू नका. डोळ्याला फरक शोधावा लागत असेल तर तो फरक सोडून द्या. पूर्णपणे सरळ बसलेली झूम मी अजून पाहिलेली नाही.

दोन खातरजमा कराव्यात. दुसरी एखादी लेन्स लावून तीच बाजू पाहा. तीही बिघडलेली असेल तर दोषी कॅमेऱ्याचा माउंट किंवा सेन्सर आहे, लेन्सला उगाच शिक्षा नको. मग झूम बदला. माझ्या लेन्सची डावी बाजू १६ ला खराब होती, २४ ला जवळजवळ ठीक, ३५ ला निर्दोष. स्थिर काच कललेली असती तर खोट सगळीकडे थोडीफार दिसली असती, तेव्हा संशय सरकणाऱ्या गटावर गेला. कारागिराने उघडली तेव्हा खाचेत फिरणाऱ्या नायलॉनच्या बारीक रिंगांपैकी एक झिजून चपटी झालेली निघाली. तांदळाच्या दाण्याएवढी वस्तू. तिच्यामुळे गट वाइडला येताना एका बाजूने किंचित खाली बसत होता.

वापरलेली लेन्स घेत असाल तर ही चाचणी दुकानाच्या दारात पाच मिनिटांत होते. विक्रेत्याशी वाद घालायची वेळ आली तर तक्रारीचे शब्द वाया घालवू नका, चार तुकडे एका चित्रात जोडून समोर ठेवा.

दुसरी चाचणी: जमिनीवरचा पट्टा

फील्ड कर्व्हेचर म्हणजे फोकसचा पडदा सपाट नसून वाटीसारखा वाकलेला असणं. मध्यावर भिंत अचूक फोकसमध्ये असते, आणि कडेला फोकस भिंतीच्या पुढे किंवा मागे पडलेला असतो. कोपरे मऊ दिसतात आणि आपण लेन्सला नावं ठेवतो, खरं तर तिथे धार असते, फक्त ती हवेत पडलेली असते. माझ्या मते वाइड लेन्स वापरणाऱ्याने एकच दोष नीट समजून घ्यायचा असेल तर हा घ्यावा, कारण तो फोटोग्राफरच्या हाताने निम्मा तरी आवरता येतो.

चाचणीला बारीक पोताची सपाट जमीन हवी. मुरूम टाकलेलं शाळेचं मैदान, कोकणातला जांभ्याचा कातळ, पाचगणीचं टेबललँड, काहीही. हिरवळीपेक्षा खडी बरी, कारण गवत वाऱ्याने हलतं. कॅमेरा ट्रायपॉडवर कमरेच्या उंचीला, थोडा खाली झुकवलेला. आडवा तोल कॅमेऱ्यातल्या लेव्हलने नीट लावा, त्यात हयगय झाली की निष्कर्ष चुकतो. १६ मिमी, एफ/२.८, फोकस मध्यावर दोन मीटरवरच्या एखाद्या खड्यावर. लांब फोकस केलात तर वाइडला सगळंच धारदार दिसतं आणि काही कळत नाही. दोन मीटरवर मात्र खरी धार सुमारे अर्ध्या मीटरच्या पट्ट्यातच राहते.

फाइल जिंपमध्ये किंवा फोटोशॉपमध्ये उघडून कडा शोधणारा फिल्टर लावा. जिथे धार आहे तिथले खडे रेषांनी भरून जातात, बाकीचा भाग कोरा पडतो, आणि फोटोच्या आरपार एक पट्टा उमटतो. पहिल्यांदा तो दिसतो तेव्हा गंमत वाटते: आजवर ऐकून असलेला फोकसचा पडदा जमिनीवर चुन्याने आखल्यासारखा समोर येतो.

पट्टा सरळ आडवा असेल तर नशीबवान आहात. दोन्ही टोकं खाली, म्हणजे तुमच्याकडे वळली असतील तर कडेचा फोकस जवळ पडतोय. टोकं वर गेली असतील तर लांब पडतोय. बऱ्याच वाइड झूममध्ये पट्टा आधी एका बाजूला वळतो आणि शेवटी परत फिरतो, अगदी मिशीसारखा. आणि पट्टा एका टोकाला वर, दुसऱ्या टोकाला खाली असा तिरका आला तर पहिल्या चाचणीकडे परत जा. तो कललेल्या काचेचा पुरावा आहे.

आता हे कामाला कसं लावायचं? टोकं तुमच्याकडे वळणारी लेन्स असेल तर लग्नातल्या मोठ्या ग्रुप फोटोत टोकाच्या माणसांना अर्धं पाऊल पुढे घ्या, रांग किंचित चंद्रकोरीसारखी होऊ द्या. फोकस वधूवरांवरच राहील आणि कडेचे मामाही स्पष्ट येतील. टोकं पलीकडे वळणारी असेल तर उलट. भिंत, शिल्पपट किंवा वाड्याचा दर्शनी भाग काढताना फोकस मध्यावर न करता मध्य आणि कड यांच्या अर्ध्या वाटेवर करा आणि एफ/८ लावा. मध्याला थोडी धार सोडावी लागते, ती त्याच्याकडे जास्तीचीच असते. किनाऱ्यावर दूरचा किल्ला मध्यावर आणि पायाशी दगड असा फोटो असेल तर तुमच्याकडे वळणारी वाटी उपकारच करते, खालच्या कडेचे दगड आपसूक फोकसमध्ये येतात. एकच लेन्स एकाच दिवशी वैरी आणि मित्र अशी दोन्ही असते.

तिसरी चाचणी: कोपऱ्यातला तारा

ताऱ्याइतका प्रामाणिक बिंदू पृथ्वीवर मिळत नाही. डिसेंबरात रात्री दहाच्या सुमारास मृग नक्षत्र पूर्वेला चांगलं वर आलेलं असतं. शहराच्या उजेडापासून दूर जा, व्याधावर लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस करा. तो इतका तेजस्वी आहे की चाचपडावं लागत नाही. मग मृगाच्या पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण कोपऱ्यात आणा. व्याध स्वतः कोपऱ्यात ठेवू नका, तो जळून पांढरा गोळा होतो आणि आकार कळत नाही.

१६ मिमी, एफ/२.८, आयएसओ ३२००, पाच सेकंद. पाचच का? आकाश फिरतंय. १६ मिमीला तारा सेन्सरवर सेकंदाला साधारण १.२ मायक्रॉन सरकतो, आणि २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरचा पिक्सेल सुमारे ६ मायक्रॉनचा. पाच सेकंदांत तारा एक पिक्सेल सरकतो, एवढं खपतं. ताऱ्यांच्या फोटोसाठी किती सेकंद हे काढायचा, पाचशेला फोकल लेंग्थने भागायचा नियम इथे लावलात तर एकतीस सेकंद येतात, आणि मग कोमा कुठला आणि आकाशाची चाल कुठली हे कळेनासं होतं.

मध्यावरचे तारे ठिपके असतील. कोपऱ्यातल्यांना पंख फुटलेले असतील, कधी उडत्या बगळ्यासारखे, कधी धूमकेतूसारखी एकाच बाजूला शेपटी. धूमकेतूच्या डोक्याभोवतीच्या झगमगाटालाच कोमा म्हणतात, या दोषाचं नाव तिथलंच. नुसता कोमा क्वचित भेटतो, बहुधा ॲस्टिग्मॅटिझम त्याचा हात धरून येतो आणि दोघं मिळून बगळा करतात.

पावसाळ्यात तारे कुठून आणायचे? टॉर्चच्या तोंडावर फॉइल बांधा, सुईने एक भोक पाडा, आणि रात्री मोकळ्या पार्किंगमध्ये वीस पावलांवर ठेवा. वाइड लेन्सला तो बिंदूच वाटतो. या नकली ताऱ्याचा एक फायदा खऱ्याला नाही: तो जागेवर राहतो, त्यामुळे कोपऱ्यात नेऊन तिथेच पुन्हा फोकसची रिंग फिरवून पाहता येतं, आणि तिन्ही दोष वेगळे पडतात. फिरवताना ठिपका एका क्षणी गोल आणि बारीक झाला तर दोष फक्त फील्ड कर्व्हेचरचा. आधी मध्याकडे रोखलेली रेघ आणि मग तिला काटकोनात दुसरी रेघ होत असेल तर ॲस्टिग्मॅटिझम. कशीही फिरवली तरी एका बाजूची शेपटी जात नसेल तर कोमा.

एफ/४ ला शेपटी निम्मी झाली पाहिजे. आकाशगंगा टिपणाऱ्यांना हा एक स्टॉप, म्हणजे निम्मा झालेला प्रकाश, जड जातो, मला कल्पना आहे. पण मोठी प्रिंट काढायची असेल तर एफ/४ आणि दुप्पट आयएसओ पत्करा. नॉइज (फोटोतले दाणे) घालवता येतो, बगळे घालवता येत नाहीत.

रंग

खिडकीच्या गजांचा किंवा पानगळ झालेल्या फांद्यांचा आकाशासमोर फोटो काढा, वस्तू कडेला ठेवून. गजाच्या एका अंगाला लालसर आणि दुसऱ्या अंगाला हिरवट-निळसर किनार दिसेल. मध्याकडे येताना ती विरत जाते. लाल आणि निळ्या रंगाची प्रतिमा थोड्या वेगवेगळ्या आकाराची पडली की असं होतं. ॲपर्चरने ती जात नाही, पण घाबरायचं कारण नाही. मूळ रॉ फाइलवर एका टिचकीने ती जवळपास पूर्ण जाते, कारण सॉफ्टवेअर एक रंग अगदी थोडा ताणून दुसऱ्यावर बसवतं. हे काम क्रॉप करायच्या आधी आणि पॅनोरामा जोडायच्या आधी करा. कापलेल्या जेपीईजीमध्ये मूळ मध्य कुठे होता हे सॉफ्टवेअरला कळत नाही, मग किनार एकीकडची जाते आणि दुसरीकडची वाढते.

दुसरा रंगदोष फोकसच्या पुढेमागे दिसतो: पुढच्या धूसर कडांना जांभळी छटा, मागच्यांना हिरवी. ३५ मिमीला, एफ/२.८ ला, जवळून चांदीची समई काढा की कळेल. हा मध्यावरही असतो, ॲपर्चर बारीक केलं की उतरतो, आणि सॉफ्टवेअरला याच्याशी पुरतं लढता येत नाही. वाइडच्या टोकाला तो फारसा त्रास देत नाही, म्हणून पुढे जाऊ.

सरळ रेषा आणि अंधारे कोपरे

स्वयंपाकघराची टाइल्सची भिंत पुरते. कॅमेरा भिंतीला समांतर आहे हे कसं ठरवायचं, यासाठी एक जुनी युक्ती आहे. छोटा आरसा चिकटपट्टीने भिंतीवर सपाट बसवा आणि लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब बरोबर फ्रेमच्या मध्यावर येईपर्यंत कॅमेरा हलवा. आलं की समांतर.

वाइडच्या टोकाला रेषा पिंपाच्या पोटासारख्या बाहेर फुगतात, टेलीच्या टोकाला अनेकदा उशीच्या कडांसारख्या आत दबतात, मधे कुठेतरी जवळजवळ सरळ होतात. ती जागा शोधून ठेवा. इमारतींच्या फोटोला तीच वापरायची. सगळ्यात छळणारा प्रकार मिशीचा: मध्याजवळ फुगलेली आणि टोकाला परत वळलेली रेघ. हाताने स्लायडर सरकवून ती सरळ होत नाही, लेन्सची खास प्रोफाइलच, म्हणजे त्या लेन्सचे दोष मोजून केलेली सॉफ्टवेअरची तयार सुधारणाच, लागते. डिस्टॉर्शन अंतराप्रमाणेही थोडं बदलतं, त्यामुळे टाइल्स हातभर अंतरावरून वाकड्या राहिल्या म्हणून प्रोफाइलला दोष देऊ नका.

प्रोफाइल फुकट मिळत नाही. कोपरे ताणले जातात म्हणजे तिथले थोडे पिक्सेल जास्त जागेवर पसरतात, आणि आधीच मऊ असलेला भाग आणखी मऊ होतो. अंधाऱ्या कोपऱ्यांचंही तेच. लेन्सच्या नळीमुळे पडलेला अंधार दोन स्टॉपमध्ये बराचसा जातो, उरतो तो तिरप्या किरणांचा. साध्या भूमितीने १६ मिमीच्या कोपऱ्यात मध्याच्या आठव्या भागाएवढा, म्हणजे तीन स्टॉप कमी प्रकाश पोचायला हवा. रेट्रोफोकस रचना त्यातलं काही वाचवते. कोपरा सॉफ्टवेअरने दोन स्टॉप उचललात तर आयएसओ १६०० च्या फोटोत तिथला नॉइज ६४०० सारखा दिसेल. रात्रीच्या फोटोंत मी निम्मंच उचलतो, थोडा अंधार डोळ्याला बरा वाटतो.

प्रोफाइल चालते कारण तो दोष ठरलेला असतो. हबल दुर्बीण १९९० मध्ये वर गेली तेव्हा तिच्या आरशाची कड २.२ मायक्रॉनने जास्त सपाट घासली गेलेली निघाली, म्हणजे स्फेरिकल ॲबरेशन. चूक होती, पण मोजूनमापून केल्यासारखी नेमकी, म्हणून डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांना तिच्यावर उतारा बसवता आला. लेन्सच्या स्वभावाचं तसंच आहे. कललेली काच मात्र प्रत्येक नगाची निराळी, आणि प्रोफाइल तर चारही कोपऱ्यांना सारखाच न्याय देते. माझ्या लेन्सची डावी बाजू कुठल्याही बटणाने सुधारली नसती ती यामुळेच.

एक गोष्ट दोष नसून दोष म्हणून बदनाम आहे. १६ मिमीला ग्रुप फोटोच्या टोकाला उभ्या काकूंचा चेहरा कलिंगडासारखा आडवा होतो. लेन्स रेषा सरळ ठेवते त्याचीच ती किंमत. फ्रेमच्या डाव्या-उजव्या कडेला गोल वस्तू जवळजवळ दीडपट रुंद दिसते, लाखाची लेन्स घेतली तरीही. तेच २८ मिमीला फक्त १.२ पट. तेव्हा चार पावलं मागे जाऊन २८ लावा, आणि जागाच नसेल तर टोकाला खांब, तोरण, समई असं काहीतरी येऊ द्या, माणूस नको.

धूसरपणा सगळीकडे सारखा असेल तर

मध्यासकट सगळ्या फोटोवर दुधाळ पडदा असेल आणि एफ/५.६ ला तो झटकन उतरत असेल तर स्फेरिकल ॲबरेशन. ॲपर्चर बारीक करूनही उतरत नसेल तर काचेत डोकवा. पूर्ण ॲपर्चर उघडं ठेवून मागून टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे. कोकणात आणि मुंबईत एका पावसाळ्यात ती धरते. ती टाळायची तर हवाबंद डब्यात, सिलिका जेलसकट, आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्के राहील असं ठेवणं एवढाच उपाय.

उलट टोकालाही जाऊ नका. 'सगळं स्पष्ट हवं' म्हणून एफ/१६ लावलं की प्रकाशच पसरायला लागतो आणि बिंदूचा ठिपका सुमारे २१ मायक्रॉनचा होतो, म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर साडेतीन पिक्सेल. एफ/८ ला तो निम्मा. एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमहून लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याचे पिक्सेल आणखी लहान, तिथे मी एफ/८ च्या पुढे नाइलाज असेल तरच जातो.

दुरुस्तीहून लेन्स आली तेव्हा पहिल्या दोन चाचण्या पुन्हा केल्या. डावं-उजवं सारखं झालंय, कोपरे अजूनही मध्याइतके नाहीत आणि होणारही नाहीत. लेन्सच्या झाकणाच्या आत एक चिठ्ठी चिकटवली आहे: "१६ – कडा आपल्याकडे वळतात, भिंतीला फोकस अर्ध्या वाटेवर, एफ/८. तारे एफ/४. २२ मिमीला रेषा सरळ. ३५ ला २.८ वर चांदी-स्टील नको." त्याच वाड्याचा चौक परत काढला, २२ ला, एफ/८ वर. डावीकडच्या तिसऱ्या खांबावर एक पोपट कोरलेला आहे, तो मला पहिल्या फोटोत कळलाच नव्हता.